एकच दार असलेला गड

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस खांदा कॉलनीत, आमच्या घरापासून दोन इमारती सोडून असलेल्या एका सोसायटीत, भरदिवसा घर फुटले. नवरा-बायको दोघेही नोकरीवर, मुले शाळेत, म्हातारी आई लेकीकडे गेलेली. चोर आले ते जिन्याने आले, दारासमोर उभे राहिले, बाहेर लटकणारे पितळी कुलूप कोयंड्यासकट कटावणीने उचकटले आणि अर्ध्या तासाच्या आत कपाट रिकामे करून त्याच जिन्याने उतरून गेले. समोरच्या दोन्ही बिऱ्हाडांत माणसे होती. एकीकडे दूरदर्शनसंच चालू होता, दुसरीकडे दुपारची झोप. आवाज दोघांनीही ऐकला होता. 'कुणाकडे तरी सुताराचे काम चालले असेल' असे दोघांनाही वाटले.

त्यानंतरच्या रविवारी सभा भरली. मीही निमंत्रित म्हणून मागच्या खुर्चीवर होतो. पाऊण तासात ठराव झाला : तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत प्रत्येक खिडकीला, प्रत्येक गॅलरीला लोखंडी जाळी. लोहाराचा दर आला, हप्ते ठरले. तेवढ्यात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ उठून म्हणाले, "सगळे बंद केलेत, तर आग लागल्यावर बाहेर कुठून पडायचे?" एका तरुणाने उत्तर दिले, "आजोबा, आधी चोर तर थांबवू. आग लागेल तेव्हा बघू." सभा हसली. मीही हसलो. त्या हसण्याची लाज वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुज्ञ वाचकांनी या ठरावातील विसंगती एव्हाना टिपली असेलच. चोर दारातून आला आणि बंदोबस्त झाला खिडक्यांचा! ज्या दाराने दगा दिला त्याचा कोयंडा तोच राहिला, त्याचे अर्ध्या इंचाचे स्क्रू तेच राहिले. ज्या शेजाऱ्यांच्या कानांनी दगा दिला त्यांच्याविषयी तर सभेत चकार शब्दही निघाला नाही. संकट आले की विचार न करता लोखंड विकत घ्यायचे, ही आपल्या मध्यमवर्गाची नवी रीत झाली आहे. खर्च केला की कर्तव्य केल्याचे समाधान मिळते. घराचे संरक्षण ही बाजारात मिळणारी वस्तू नव्हे; ते घराच्या रचनेतून आणि त्या रचनेत राहणाऱ्या माणसांच्या सवयींतून उभे करावे लागते.

गंमत अशी की, ज्या समाजाच्या पूर्वजांनी या विषयाचे शास्त्र केले, तोच समाज आज या विषयात सर्वांत अडाणी ठरतो आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्र' लिहिले. शिवछत्रपतींच्या राज्यकारभाराचे सार त्यात उतरले आहे. दुर्गप्रकरणात अमात्य स्पष्टपणे सांगतात की, गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष होय. म्हणून गडाचा आकार पाहून एकाहून अधिक दरवाजे ठेवावेत, चोरदिंड्या ठेवाव्यात. रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्याच उघड्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात. यातली दृष्टी पाहा. दरवाजा हवा, पण तो नित्य उघडा नको. बंद असावा, पण प्रसंगी उघडता यावा. शत्रूला आत येऊ न देणे आणि आपल्या माणसांना बाहेर पडता येणे, या दोन्ही गरजा त्या काळच्या दुर्गकाराने एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवल्या होत्या. आपण आपल्या साडेचारशे चौरस फुटांच्या गडाला एकच दरवाजा ठेवतो आणि उरलेल्या साऱ्या वाटा वितळजोडाने कायमच्या बंद करून टाकतो. याला गड म्हणत नाहीत. याला पिंजरा म्हणतात.

रायगडाचा महादरवाजा ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवेल की, तो समोरून दिसतच नाही. दोन बुरुजांच्या कवेत, वळणाआड तो दडलेला आहे. येणाऱ्याला वळावे लागते, आणि वळणारा माणूस दोन्ही बुरुजांवरच्या पहाऱ्याच्या नजरेखाली येतो. त्याच गडावरची हिरकणीची दंतकथा आपण मुलांना आईच्या मायेची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण तिचा उत्तरार्ध संरक्षणाचा धडा आहे : जिथून एक आई उतरू शकली तिथून शत्रू चढू शकतो, हे ध्यानी घेऊन त्या कड्यावर बुरूज बांधला गेला. आपल्या घराबाबत ही तपासणी आपण कधी केली आहे? किल्ली आत राहून दार लागले, तेव्हा आपला मुलगा कोणत्या पाइपवरून, कोणत्या छज्ज्यावरून, स्वयंपाकघराच्या कोणत्या खिडकीतून आत शिरला होता? ती वाट त्या दिवशी आपल्याला 'सोय' वाटली. पुढे तिचे काय केले?

लाल महालाचा प्रसंग तर या विषयाचा महापाठच म्हटला पाहिजे. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शाइस्तेखानाभोवती प्रचंड फौज होती, चौक्या होत्या, पहारे होते. महाराज आत शिरले ते मुदपाकखान्याच्या बाजूने, चिणलेली वाट फोडून. ज्या घरात बालपण गेले त्या घराचा कोपरा न् कोपरा त्यांना ठाऊक होता. खानाचा सारा बंदोबस्त बाहेरच्या वेशीवर, आणि घराची भिंत कुठे कच्ची आहे याचा त्याला पत्ता नाही! आज हा प्रसंग अभिमानाने वाचताना आपण स्वतःला महाराजांच्या बाजूला उभे करतो, हे स्वाभाविकच. परंतु कधी तरी खानाच्या जागी उभे राहूनही तो वाचावा. आपल्या घराचा नकाशा आपल्यापेक्षा अधिक कोणाला ठाऊक आहे? रंगाऱ्याला, गवंड्याला, केबलवाल्याला, सोडून गेलेल्या भाडेकरूला, ज्याच्याकडे जुन्या कुलपाची जादा किल्ली राहून गेली आहे. यांच्यावर संशय घ्या, असे मी म्हणत नाही. घर बदलले, भाडेकरू बदलला, तर कुलूपही बदलावे, एवढे साधे शहाणपण तरी बाळगा, इतकेच म्हणतो.

आणि भिंतीपलीकडचे काय? आपल्याच नवी मुंबईत, जुईनगरला, नोव्हेंबर २०१७ मध्ये एका बँकेचे सुमारे ३० लॉकर फुटले ते दार तोडून नव्हे. चोरट्यांनी त्याच इमारतीतला गाळा काही महिने आधी रीतसर भाड्याने घेतला, दुकान थाटले आणि जमिनीखालून भुयार खणत ते थेट लॉकरच्या खोलीत निघाले. दाराशी पोलादी जाळी होतीच. गाळा कोणाला दिला, तो तिथे नेमके काय करतो, दिवसाकाठी किती माती बाहेर जाते, याची दखल मात्र कोणी घेतली नव्हती. आपल्या सोसायट्यांत भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचा कागद किती घरमालक भरतात, याचा हिशेब प्रत्येक सचिवाने एकदा मांडावा.

यावर कोणी म्हणेल, एवढी सावधगिरी म्हणजे अतिरेक झाला. ज्यांनी १९७६ चे पुणे पाहिले आहे ते असे म्हणणार नाहीत. १ डिसेंबर १९७६ च्या संध्याकाळी भांडारकर रस्त्यावरील एका बंगल्याची घंटा वाजली. घरात संस्कृत व्याकरणाचे विख्यात पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांच्या पत्नी, दोन नातवंडे आणि घरकाम करणारी वृद्ध बाई, अशी पाच माणसे होती. पाचही जणांचे गळे नायलॉनच्या दोरीने आवळले गेले. मारेकरी कोणी परप्रांतीय दरोडेखोर नव्हते. ते त्याच शहरातल्या कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकरणातील चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्या हिवाळ्यात दिवेलागणीनंतर पुण्याचे रस्ते ओस पडत, हे त्या पिढीचे लोक आजही सांगतात. कुलूप तुटले नव्हते, गज कापले गेले नव्हते. घंटा वाजली आणि आपण जसे रोज उघडतो तसे दार उघडले गेले. घराच्या रचनेतील सर्वांत दुबळी जागा कोणती, याचे उत्तर या एका प्रसंगात आहे : उघडले गेलेले मुख्य दार. म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर ते तिथे करा. दारात भिंग बसवा आणि ते लहान मुलाच्याही डोळ्याला पोहोचेल अशा उंचीवर आणखी एक बसवा. बाहेर जाळीचे दार असेल तर आतले दार उघडण्यापूर्वी ते कडी लावलेलेच असू द्या. तोडलेल्या दारापेक्षा अर्धवट उघडलेल्या दारातून आत घुसणे कितीतरी सोपे असते. चौकटीला लागणारे स्क्रू लांब असावेत, चौकटीच्या लाकडातून भिंतीत उतरणारे. बाहेर लोंबणारे कुलूप टाळून दारात बसवलेले कुलूप वापरा, कारण लोंबणारे कुलूप जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगत असते की घरात कोणी नाही. दाराशी साचलेली वर्तमानपत्रे आणि दुधाच्या पिशव्याही तेच सांगतात.

आमच्या आज्यांना यातले काहीही शिकवावे लागले नसते. कोकणातल्या घराची रचना आठवून पाहा. खळे, मग ओटी, मग पडवी, मग माजघर, आणि स्वयंपाकघरातून मागे परसदार. परका माणूस खळ्यात उभा राहून हाक घाली. ओळख पटली की ओटीवर येई. माजघरापर्यंत जाण्याचा अधिकार फार थोड्यांना. अनोळखी माणूस आणि घरातली बायामुले यांच्यामध्ये तीन उंबरठे होते, आणि प्रत्येक उंबरठ्यावर त्याला पुन्हा पारखले जाई. मागे परसदार असल्याने कोंडी कधीच होत नसे. देशावरच्या वाड्याला मोठा दरवाजा, त्यात वाकून शिरावे लागणारी दिंडी, आत देवडी आणि दाराला भिंतीच्या खोबणीतून ओढायचा अडसर. आज आपल्या घराचे दार उघडले की एका पावलात परका माणूस दिवाणखान्यात, आणि दिवाणखान्यातून स्वयंपाकघर, शयनगृह, देव्हारा, कपाट असे सारे काही एका नजरेत! तीन उंबरठ्यांचा एक उंबरठा झाला, आणि जे परसदार होते तिथे जाळी आली.

याचा दोष केवळ शहररचनाकारांना देता येणार नाही. सिडकोची स्थापना १९७० ची. तिच्या पहिल्या काळातले मुख्य वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी पुढे बेलापूरला जी वसाहत आखली तिच्यात सात-सात घरे एका लहानशा चौकाभोवती मांडली आहेत. चौकात कोण आले हे सातही घरांना दिसावे! ती कल्पना आपल्या चार मजली इमारतींच्या नशिबी आली नाही. तरी आपल्या प्रत्येक मजल्यावर तीन-चार दारांसमोरची एक मोकळी जागा आहेच. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात प्रुइट-आयगो नावाची ३३ इमारतींची, अकरा मजली वसाहत होती. १९५४ मध्ये लोक राहायला आले आणि १९७२ मध्ये सरकारला ती सुरुंग लावून पाडायला आरंभ करावा लागला, इतकी ती गुन्हेगारीने पोखरली गेली. ऑस्कर न्यूमन या वास्तुविशारदाने तिचा अभ्यास केला तेव्हा त्याला एक गोष्ट दिसली : जी मोकळी जागा दोनच कुटुंबांची होती ती स्वच्छ आणि सुरक्षित होती, जो जिना, जी मार्गिका वीस-वीस कुटुंबांची होती, म्हणजे कोणाचीच नव्हती, तिथे घाण, अंधार आणि गुन्हा. साहेबाने सांगितले म्हणून तरी आता आपल्याला पटेल, अशी आशा करू या! आमच्या मजल्यावरचा दिवा गेला तर तो बदलायचा कोणी, यावर चार घरे दोन महिने एकमेकांकडे पाहत बसतात. तो अंधार चोराने केलेला नसतो. ज्या दिवशी मजल्यावरची चार घरे आपल्या दारापुढील जागेला आपली ओटी मानतील, एकमेकांचे जाणे-येणे एकमेकांना सांगून होईल, एकाची जादा किल्ली दुसऱ्याकडे राहील, त्या दिवशी त्या मजल्याला एक उंबरठा परत मिळेल. त्यासाठी लोहार लागत नाही.

ते सोडून आपण सारा भार टाकतो पहारेकऱ्यावर. जुन्या गावगाड्यात पहारा हे वतन होते. रामोशी किंवा जागल्या हा गावाचा माणूस. गावाच्या धान्यात त्याचा वाटा. चोरी झाली आणि माग निघाला नाही तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येई. अधिकार, मोबदला आणि उत्तरदायित्व ही तिन्ही एका ठिकाणी होती. (पनवेलजवळच्या शिरढोणचे सुपुत्र वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ च्या उठावात याच रामोशी समाजाला हाताशी धरले, हे येथील वाचकांना वेगळे सांगायला नको.) आज आपण ठेकेदाराकडून बारा तासांची पाळी विकत घेतो. त्या माणसाला बसायला धड खुर्ची नसते, त्याचे नाव निम्म्या सभासदांना ठाऊक नसते, आणि त्याची पोलीस पडताळणी झाली की नाही हे कोणी विचारत नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये वडाळ्याच्या एका उंच इमारतीत एका तरुण महिला वकिलाचा खून झाला. खुनी होता त्याच इमारतीचा पहारेकरी. त्याने रात्री तिच्या घराची वीज तोडली, दुरुस्तीच्या निमित्ताने आत आल्यावर किल्ली लांबवली आणि मागाहून त्याच किल्लीने दार उघडले. २०१४ मध्ये त्याला जन्मठेप झाली. या घटनेतला तांत्रिक धडा नीट पाहा. विजेच्या मीटरची पेटी सर्वांना हात घालता येईल अशी होती, आणि आत असलेल्या माणसाला बाहेरून किल्लीने दार उघडणाऱ्याविरुद्ध आडकाठी नव्हती. रात्री आतून लावायची एक दणकट कडी, जिला बाहेरून किल्लीच नाही, म्हणजेच आजोबांचा अडसर, ही प्रत्येक दाराला हवीच. मीटरच्या खोलीला कुलूप हवे. आणि एकट्याच्या घरात अवेळी वीज गेली, तर दार उघडण्यापूर्वी खिडकीतून शेजारी दिवे आहेत का, ते पाहावे.

आता थोडे आपल्या कार्यकर्त्यांविषयी, कारण घरातल्याच माणसाला बोलायचा अधिकार असतो. घरफोडीची बातमी आली की आपल्यातला एखादा उत्साही बंधू म्हणतो, "घरात तलवार ठेवा, दंड ठेवा." बंधो, तुझ्या घराची मार्गिका तीन फूट रुंद आहे. तिच्यात दंड फिरवायचा तर पहिला प्रहार पंख्यावर आणि दुसरा स्वतःच्या बायकोवर! मैदानावर शिकलेले शस्त्र मैदानाचे असते. झोपेतून दचकून उठलेल्या, चष्मा न सापडलेल्या पन्नाशीच्या गृहस्थाच्या हातातली तलवार दुसऱ्या क्षणी चोराच्या हातात असते. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्यातून तलवारही सुटलेली नाही, हे वेगळेच. घरातले पहिले शस्त्र म्हणजे अंतर, दुसरे दार, तिसरे आवाज. दार वाजले, फुटू लागले, तर घरातल्या सर्वांनी आतल्या खोलीत जायचे. त्या खोलीचे दार पोकळ पत्र्याचे नसावे, त्याला आतून दोन कड्या असाव्यात. तिथे रात्री भरलेला मोबाइल असावा, विजेरी असावी आणि तिला रस्त्याकडची खिडकी असावी, जिथून ओरडता येते. ११२ हा क्रमांक नातवापासून आजीपर्यंत सर्वांना पाठ असावा. चोराला जे हवे ते कपाटात आहे. ते नेऊ दे. आपल्याला जे हवे ते त्या आतल्या खोलीत आहे.

कायदा घरधन्याच्या विरोधात आहे, हाही एक पसरलेला गैरसमज आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ ही स्वसंरक्षणाचीच आहेत. पूर्वीच्या दंड संहितेत ती ९६ ते १०६ होती. स्वतःच्या, तसेच दुसऱ्याच्याही शरीराचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क त्यांत आहे. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी होणारी घरफोडी, अशा काही प्रसंगी हा हक्क प्रसंगी आक्रमकाच्या मृत्यूपर्यंतही जातो. पण कलम ३७ ची मर्यादा तितकीच ठळक आहे : बचावासाठी जेवढी आवश्यक तेवढीच इजा, आणि पोलिसांकडे धाव घेण्याइतका अवधी असेल तर हा हक्कच उरत नाही. पळून चाललेल्या, पकडून खांबाला बांधलेल्या माणसाला मारणे हे स्वसंरक्षण नव्हे. तो गुन्हा आहे.

हे मुद्दाम सांगतो आहे. घरफोडी झाली की वसाहतीत रात्रीच्या गस्तीची टूम निघते, मोबाइलवर 'चड्डी-बनियान टोळी'ची छायाचित्रे फिरू लागतात, आणि चार-पाच दिवस तरुण पोरे काठ्या घेऊन कोपऱ्यावर उभी राहतात. कोणाची नेमणूक नाही, नोंद नाही, पोलिसांना कळवलेले नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले; ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघरच्या गडचिंचले गावी दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेचे बळी ठरले. त्या रात्रीची आठवण आपल्या प्रत्येक कुटुंबात जिवंत आहे; आपण सभा घेतल्या, निवेदने दिली, अश्रू ढाळले. मग आपल्याच कोपऱ्यावर, आपल्याच पोरांच्या हातांत काठ्या देताना ती आठवण कुठे जाते? तेथील गावकरीही त्या दिवसांत चोरांच्या भीतीने जागत होते. भगवी वस्त्रेही त्या भीतीसमोर ओळखू आली नाहीत. गस्त घालायची तर पोलीस ठाण्याला कळवून, नावांची वही ठेवून, जोडीने घाला, हाती विजेरी आणि शिटी असू द्या, काठी नको, आणि अनोळखी माणूस दिसला तर त्याला विचारा, "कोणाकडे जायचे आहे?" खऱ्या पाहुण्याला या प्रश्नाने मदत होते. चोराला आपण दिसलो आहोत हे कळते, आणि तेवढ्याने बहुतेक चोर परत फिरतो.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे वळतो. २१ ऑक्टोबर २०२५, ऐन दिवाळी. पहाटेपूर्वी वाशीत एका उंच इमारतीत लागलेल्या आगीत चार जण गेले; त्यांत सहा वर्षांची मुलगी होती. त्याच दिवशी आपल्या शेजारच्या कामोठ्यात एका घराला आग लागून आई आणि मुलगी दगावल्या. कामोठे म्हणजे आमच्या गच्चीवरून दिसणारे गाव. त्याआधी ६ ऑक्टोबर २०२३ रोजी गोरेगावच्या एका इमारतीत तळमजल्यावर उभ्या असलेल्या वाहनांनी पेट घेतला आणि धूर जिन्यातून धुराड्यासारखा वर चढला. माणसे झोपेतच सापडली. आता आपली इमारत पाहा. खांबांवर उभी, खाली दुचाकींची दाटी, त्यांच्याशेजारी विजेचे मीटर, आणि तिथूनच वर जाणारा एकुलता एक जिना. जिन्याच्या वळणावर सायकली, जुनी गादी, गणपतीची मखरे. जिना धुराने भरला तर आपल्या एकमेव दरवाजाचा उपयोग संपला. मग उरते खिडकी. आणि खिडकीला आपण नुकतीच हप्त्यांनी जाळी बसवली आहे!

उपाय अमात्यांनी सांगून ठेवलाच आहे : दिंडी ठेवा आणि बंद ठेवा. प्रत्येक खोलीच्या निदान एका जाळीला माणूस सहज बाहेर येईल एवढा बिजागरीचा भाग हवा. तो आतून बंद, त्याची किल्ली बाहेरून हात पोहोचणार नाही पण आठ वर्षांच्या मुलाचा हात पोहोचेल अशा खिळ्यावर, आणि ती तिथून कोणीही, कोणत्याही कारणासाठी हलवायची नाही. दर दिवाळीच्या सफाईत बिजागरीला तेल. जाळी आधीच बसवली असेल तर ती कापून असा भाग करायला लोहाराला अर्धा दिवस पुरतो. वरच्या मजल्यावरून उडी मारायची नाही. पण अग्निशमन दलाची शिडी लागली तर जवानाला गज कापत बसावे लागू नये. धुरात सापडलात तर खोलीचे दार लावा, फटीत ओले कापड कोंबा आणि त्या खिडकीशी उभे राहा. तीच आतली खोली, जी चोरापासून वाचवते. एकाच खोलीचा दोन्ही संकटांसाठी विचार करता येतो. फक्त विचार करावा लागतो.

गच्चीच्या दाराचा वादही असाच नाहक आहे. एक गट म्हणतो, चोर शेजारच्या गच्चीवरून येतात, कुलूप हवे. दुसरा म्हणतो, आगीत कुलूप नको. अहो, जिन्याच्या बाजूने दणकट अडसर लावा आणि कुलूप काढा! गच्चीवरून आलेल्याला तो उघडत नाही, जिन्यातल्या माणसाला किल्ली लागत नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा असलेल्या इमारतींनी ती चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचे असते. तुमच्या सोसायटीचे मागचे प्रमाणपत्र कोणत्या फायलीत आहे, ते पुढच्या सभेत विचारा. विचारणाऱ्याला हसतील. हसू द्या.

मी माझ्या घरी काय केले ते सांगतो. एका रविवारी दिनदर्शिकेच्या जुन्या पानामागे नातवाकडून घराचा नकाशा काढून घेतला. दार कुठे, कड्या किती, किल्ली कुठे, गॅसचा खटका कुठे, रात्री आजोबांना उठवायचे कोणी. मग दिवे घालवून सगळ्यांनी बिछान्यापासून दारापर्यंत चालून पाहिले. माझा गुडघा शिवणयंत्राला आपटला. ते यंत्र गेली अकरा वर्षे आमच्या एकमेव वाटेत उभे होते. गॅलरीतली जाळी उघडायला गेलो तर तिला उघडणारा भाग होता, कुलूप होते. किल्ली कोणालाच माहीत नव्हती. अखेर ती सुनेच्या लग्नातल्या दागिन्यांच्या डब्यात, कपाटाच्या चोरकप्प्यात सापडली. कुलूप गंजले होते, किल्ली फिरली नाही. दुसऱ्या दिवशी लोहार बोलावला. त्या सत्तरीच्या आजोबांकडेही गेलो आणि सभेत हसल्याबद्दल क्षमा मागितली. त्यांनी चहा दिला आणि विचारले, "तुमच्या गच्चीची किल्ली कोणाकडे असते?" मी म्हणालो, सचिवांकडे. सचिव त्या आठवड्यात गावी गेले होते.